सोलापूरच्या नकाशात माळ लाल का येतो?

सोलापुरात भूगोलात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांवरून २००० ते २०२३ या काळासाठी आपल्या जिल्ह्याचा परिसंस्था-गुणवत्ता निर्देशांक काढला. अकलूज-माळशिरसकडचा आणि उजनीच्या कालव्याखालचा ऊसपट्टा 'उत्तम' आला, नान्नजचं माळरान 'निकृष्ट', म्हणजे नकाशात लाल आलं. माझं गणित कुठं चुकलं? आणि या बदलांची कारणं शोधायला कोणते घटक घ्यावेत?"

तुमचं गणित चुकलेलं नसावं. हा निर्देशांक सोलापूरवर चालवला की पहिला नकाशा असाच येतो. वीसेक वर्षांपासून मी उपग्रह प्रतिमांवर काम करतोय, आणि माझाही पहिला नकाशा असाच आला होता. गडबड आहे ती त्या रंगांना आपण दिलेल्या नावांत. 'उत्तम' आणि 'निकृष्ट' हे शब्द उपग्रहाकडून येत नाहीत, ते आपण लिहितो. सोलापूरसारख्या जिल्ह्यात ते लिहिण्याआधी थांबून विचार करावा लागतो.

तुम्ही वापरलेली पद्धत फूचौ विद्यापीठातल्या शू हानच्यू यांनी २०१३ मध्ये मांडली. त्यात चार गोष्टी मोजायच्या: हिरवेपणा, ओलावा, जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान आणि कोरडेपणा. कोरडेपणा म्हणजे उघडी माती आणि बांधकाम. चारही थर शून्य ते एक या पट्टीवर आणायचे, मुख्य घटक विश्लेषण (चारही थरांतला सामाईक चढउतार एका थरात आणणारं गणित) करायचं आणि त्यातला पहिला घटक हाच निर्देशांक धरायचा. कुठल्या थराला किती वजन द्यायचं हे माणूस ठरवत नाही, आकडेवारीतूनच ते निघतं, म्हणून ही पद्धत झपाट्यानं रुळली. पण फूचौ हे आग्नेय चीनमधलं शहर. पाऊस सोलापूरच्या दुपटीहून जास्त, आसपासच्या डोंगरांवर दाट झाडी. तिथं जमीन उघडी पडली की बहुतेक वेळा जंगल तुटलेलं असतं किंवा शहर वाढलेलं असतं. हिरवं ते चांगलं आणि उघडं ते वाईट, हे गृहीतक तिथं चालून जातं.

आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला भरवशाचा पाऊस सप्टेंबरात. काळ्या पाषाणावर कुठं वीतभर मुरूम, कुठं पुरुषभर काळी माती. मुरमाड उंचवट्यांवर झाडी दाट होतच नाही, तिथं गवत वाढतं. माळ म्हणजे कुणी तोडून उजाड केलेलं जंगल, असा समज सरकारी दप्तरांत 'पडीक' या शब्दामुळे घट्ट बसलाय. प्रत्यक्षात गवताळ माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे. त्यासाठीच १९७९ मध्ये नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, त्याला चहूबाजूंनी लांबवर दिसणारा मोकळा माळ लागतो. काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल यांचंही तेच. तुमचा निर्देशांक नेमके याच मोकळेपणाचे गुण कापतो.

एप्रिलमध्ये सकाळी साडेदहाच्या सुमाराला नान्नजच्या माळावर उभ्या राहा. लँडसॅट साधारण त्याच वेळेला आपल्यावरून जातो. गवत वाळून पिवळं पडलेलं, काड्या एका अंगाला कललेल्या, दोन ठोंबांच्या मधे तांबूस मुरूम, आणि दहा पावलं चाललात की मोज्यांत कुसळंच कुसळं. उपग्रहाला वरून काय दिसतं? हिरवेपणा नाही, ओलावा नाही, जमीन तापलेली, माती उघडी. चारही विषयांत नापास. आता खाली बसून एक कुसळ हातात घ्या. त्याच्या शेपटाला पीळ असतो. ओल लागली की तो पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं उलटसुलट फिरत ते बी स्वतःला मातीत रुजवतं. पहिल्या पावसाची सगळी तयारी त्या 'निकृष्ट' पिक्सेलमध्ये झालेली असते. तिथून थोड्या अंतरावर बोअरच्या पाण्यावर उसाचा फड असेल तर तो एप्रिलमध्येही हिरवा, थंड आणि ओला. त्याला पैकीच्या पैकी गुण. पाणी कुठून आलं, किती खोलवरून उपसलं, फडात उसाशिवाय दुसरं काय जगतंय, यातलं काहीच त्या चार थरांत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: नकाशाच्या सूचीतून 'उत्तम-निकृष्ट' काढा आणि 'जास्त हिरवं-ओलं' ते 'जास्त कोरडं-तापलेलं' असं लिहा. मग जिल्ह्याचे निदान चार तुकडे करा: माळ, कोरडवाहू शेती, बागायत आणि वस्ती. माळाची तुलना माळाशीच, कोरडवाहूची कोरडवाहूशीच. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी अकलूजच्या उसासमोर उभी केली तर ती दरवेळी हरणारच, आणि त्यातून कुणाला काहीच कळणार नाही.

दुसरा मुद्दा महिन्याचा. यावर मी जरा जास्त लिहितो, कारण सोलापूरवरचे बरेच अभ्यास इथंच घसरतात. जगभरच्या शोधनिबंधांत पावसाळ्यानंतरची ढगमुक्त प्रतिमा घ्यायची पद्धत आहे, म्हणून आपणही ऑक्टोबर घेतो. पण सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते. ऑक्टोबरच्या प्रतिमेत ती रानं नुकती पेरलेली, म्हणजे उघडी काळी दिसतात, तर बार्शीकडं सोयाबीन काढून रान मोकळं झालेलं असतं. ज्वारी खरी भरात दिसते ती हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत. म्हणून एक प्रतिमासंच मध्य डिसेंबर ते जानेवारीअखेरचा घ्या आणि दुसरा एप्रिल-मेचा. जानेवारीत हिरवं आणि एप्रिलमध्ये वाळलेलं ते पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर पिकलेलं. दोन्ही वेळा हिरवं ते बाहेरच्या किंवा जमिनीखालच्या पाण्यावर. या दोन नकाशांमधला फरक हा सोलापुरात एकट्या निर्देशांकापेक्षा जास्त बोलतो.

जानेवारीची प्रतिमाही डोळे झाकून वाचू नका. तेव्हा कारखान्यांचा गळीत हंगाम भर रंगात असतो. तोड झालेला फड पाचटासकट पांढुरका दिसतो, शेजारचा उभा फड गर्द हिरवा. दोन वर्षांच्या जानेवारीत एकाच गटाची तोड मागंपुढं झाली की निर्देशांक उसळतो किंवा कोसळतो. त्या 'बदला'चं कारण तोडणी टोळी कधी आली एवढंच असतं.

डाळिंबाचा धडा मला सांगोल्यात मिळाला. एका गावच्या शिवारात जानेवारीच्या प्रतिमेत बागांचे बरेच तुकडे आदल्या हंगामापेक्षा एकदम कोरडे दिसत होते. मी वहीत 'बागा वाळल्या, तेल्याचा प्रादुर्भाव?' असं लिहून मोकळा झालो होतो. बांधावर गेलो तर झाडं निष्पर्ण, पण फांद्या हिरव्या. बागवान म्हणाले, "आवो सायेब, बाग वाळली न्हाई. आंबे बहार धरायचाय, म्हणून ताण दिलाय. पानं मीच गाळलीत." पाणी तोडून झाडाला विश्रांती द्यायची, पानगळ करायची, मग पाणी सोडलं की नवी पालवी आणि कळी एकदमच येते. मृग, हस्त, आंबे यांपैकी कुठला बहार धरला त्यावर बाग कुठल्या महिन्यात उघडी दिसणार हे ठरतं. तेल्या आणि मर या रोगांमुळे काढून टाकलेल्या बागाही त्याच भागात आहेत, आणि एका तारखेच्या प्रतिमेत ताण दिलेली बाग आणि मेलेली बाग सारखीच दिसते. दोन-तीन महिन्यांनंतरची प्रतिमा पाहिली की ताणावरची बाग पुन्हा हिरवी झालेली असते, मेलेली होत नाही. सांगोला तालुक्यासाठी एका तारखेचा निष्कर्ष म्हणूनच काढू नका.

आता वर्षं. तुमची मालिका २००० पासून आहे, पण आरंभ आणि शेवट अशा दोन वर्षांची वजाबाकी करून 'सुधारणा' काढणं या जिल्ह्यात धोक्याचं. २००३, २०१२, २०१५, २०१८ ही दुष्काळाची वर्षं. २०२० च्या ऑक्टोबरात अतिवृष्टी होऊन भीमेला पूर आला. २०१५ ते २०२० अशी तुलना केलीत तर आख्खा जिल्हा सुधारलेला दिसेल आणि त्यात माणसाच्या कामाचा भाग किती हे कळणारच नाही. सगळी वर्षं ओळीनं घ्या.

ओळीनं घेताना एक खड्डा लागेल. लँडसॅट ५ नं नोव्हेंबर २०११ मध्ये नेहमीच्या प्रतिमा घेणं थांबवलं आणि लँडसॅट ८ फेब्रुवारी २०१३ मध्ये सुटला. मधल्या काळात, म्हणजे नेमका २०१२ चा दुष्काळ आणि त्यामागून आलेला रब्बी हंगाम, फक्त लँडसॅट ७ आहे, आणि ३१ मे २००३ पासून त्याच्या प्रत्येक प्रतिमेत पट्ट्यांच्या रूपात सुमारे २२ टक्के भाग गायब असतो. हंगामातल्या सगळ्या प्रतिमांचा मध्यक घेऊन पट्टे बरेचसे बुजवता येतात, तरी त्या वर्षी मोडिस या रोज, पण जाडसर चित्र टिपणाऱ्या संवेदकाच्या प्रतिमांशी ताडून पाहा. आपल्या रिसोर्ससॅट-२ चा लिस-३ संवेदक तेव्हा होता, त्यावर हिरवेपणा छान तपासता येतो, पण त्यात औष्णिक पट्टा नसल्यामुळे तापमान मिळत नाही. शिवाय आपला जिल्हा पूर्व-पश्चिम इतका पसरलाय की तो लँडसॅटच्या एका दृश्यात मावत नाही. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या तारखा वेगळ्या असतात आणि नकाशाच्या मधोमध सरळ शिवण दिसते. ती दिसली तर तिला परिसंस्थेची सीमा समजू नका.

गणिताच्या जागा भराभर सांगतो, कारण त्या तपासायला एक संध्याकाळ पुरते. लँडसॅटच्या दुसऱ्या संग्रहातल्या (कलेक्शन २) परावर्तनाच्या आकड्यांना आधी ०.००००२७५ नं गुणून ०.२ वजा करावे लागतात, तापमानाच्या आकड्याला ०.००३४१८०२ नं गुणून १४९ मिळवावे लागतात, मग केल्विन येतं. वजाबाकी राहिली तर हिरवेपणाचं गुणोत्तरच बदलतं आणि नकाशा वरवर ठीक दिसत राहतो, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. ओलाव्याचे गुणक लँडसॅट ५ आणि ८ साठी वेगळे आहेत. मुख्य घटकाची दिशा आकडेमोडीत उलटीही येऊ शकते. हिरवेपणा आणि ओलावा अधिक, तापमान आणि कोरडेपणा उणे अशी चिन्हं आहेत का ते बघा, उलटी असतील तर एकातून वजा करा. आणि शून्य-एकची पट्टी दरवर्षी नव्यानं लावू नका. दुष्काळी वर्षातलं सर्वांत हिरवं शेत आणि सुकाळातलं सर्वांत हिरवं शेत दोघांनाही 'एक' मिळालं, तर दुष्काळच नकाशातून पुसला जातो. सगळ्या वर्षांचे आकडे एकत्र ठेवून एकदाच पट्टी आणि एकदाच मुख्य घटक काढा.

मापाचंही भान ठेवा. लँडसॅटचा ३० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे जवळपास नऊ गुंठे. दोन एकरांच्या ज्वारीवर नऊच पिक्सेल बसतात, त्यातलेही कडेचे बांध-रस्त्यात मिसळलेले. लँडसॅट ८ चा तापमानाचा मूळ पिक्सेल तर १०० मीटरचा, म्हणजे अडीच एकरांचा. तो ३० मीटरवर बारीक करून मिळतो, पण त्यामुळे माहिती बारीक होत नाही. काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. ती लघुतरंग अवरक्त किरणं कमी परावर्तित करते, त्यामुळे ओलाव्याच्या थरात कोरडी काळी माती मुरमापेक्षा ओली भासते. मृदा नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय तो थर वाचू नका. सोलापूर शहराबाबतही असाच गोंधळ होतो: कोरड्या मुलखातली शहरं उन्हाळ्यात दिवसा भोवतालच्या उघड्या रानांपेक्षा थंड दिसलेली आहेत. तसं आढळलं तर दचकू नका.

उजनीसाठी वेगळं लिहावं लागेल. पाणी निर्देशांकातून वगळावंच लागतं, नाहीतर ओलाव्याचा थर पाण्यानंच भरून जातो. पण उजनीचं पाणी हिवाळ्यापासून उतरत जातं, उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात. जानेवारीत पाणी असलेला पिक्सेल मेमध्ये हिरवं शेत असतो. दर प्रतिमेचं पाणी त्या त्या वेळी वगळलंत तर प्रत्येक वर्षी जिल्ह्याचं क्षेत्र वेगळं होईल. म्हणून धरण भरलेलं असतानाची कमाल पाणरेषा एकदाच आखून तेवढा भाग सगळ्या वर्षांतून काढा. आणि मग प्रबंधात स्पष्ट लिहा की जिल्ह्यातली सर्वांत मोठी पाणथळ जागा, जिथं हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ती या निर्देशांकात मोजलेलीच नाही. पुण्याकडून येणारं सांडपाणी आणि त्यावर वाढणारं शेवाळ यांसाठी पाण्याचे वेगळे निर्देशांक लागतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा त्याला बऱ्या.

आता कारणं. तुम्ही बहुधा वांग जिनफेंग यांच्या गटानं २०१० मध्ये मांडलेला भू-शोधक वापरणार आहात. त्याची कल्पना सोपी आहे. जिल्ह्यात निर्देशांकाचे जे चढउतार आहेत, ते एखाद्या घटकानुसार गट पाडल्यावर गटांच्या आत किती उरतात ते बघायचं. गटांच्या आत चढउतार जवळजवळ उरलेच नाहीत तर 'क्यू' एकाच्या जवळ, सगळे तसेच राहिले तर शून्याच्या जवळ. पाऊस, उंची, उतार, मातीची खोली, कालव्यापासूनचं अंतर, नदीपासूनचं अंतर, लोकसंख्या, रात्रीचे दिवे हे घटक घ्या. तापमान आणि हिरवेपणा कारणांत घेऊ नका, ते निर्देशांकाच्या पोटातच आहेत. भू-वापर घेतलात तर तोही याच प्रतिमांवरून काढलेला आहे याची नोंद करा. गट किती पाडले त्यावर 'क्यू' हलतो, म्हणून चार, सहा आणि आठ गट पाडून पाहा.

माझा अंदाज, तुमच्या निकालात एप्रिलसाठी कालव्यापासूनचं अंतर बरंच वर येईल आणि पाऊस खाली राहील. त्यावरून 'सोलापुरात पावसाचा प्रभाव कमी' असं वाक्य लिहिण्याचा मोह होईल. ते लिहू नका. एकाच वर्षात अकलूज आणि सांगोला वेगळे का, हा जागेचा प्रश्न आहे, आणि जिल्ह्याच्या आत पावसाचा फरक तेवढा मोठा नाही. २०१५ आणि २०२० वेगळे का, हा काळाचा प्रश्न आहे, आणि तिथं पाऊसच राजा आहे. भू-शोधक एका वर्षावर चालवला की फक्त पहिल्याचं उत्तर मिळतं. कालव्याचं अंतर हे कारण म्हणून लिहितानाही त्याचा इतिहास जोडा: नीरा उजव्या कालव्याचं पाणी माळशिरसला उजनीच्या कितीतरी आधीपासून आहे, उजनीचं धरण १९८० चं, आणि भीमा-सीना जोडकालव्यानं पाणी सीनेकडं वळलं. तुमची मालिका २००० ला सुरू होते, म्हणजे बराचसा बदल तुमच्या पहिल्या प्रतिमेआधीच घडून गेलाय. जमिनीखालचं पाणी उपग्रहातून या मापावर दिसत नाही, त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मागवा. निर्देशांक चढतोय आणि विहिरी उतरताहेत अशी गावं सापडली, तर तुमच्या प्रबंधातला सर्वांत मोलाचा नकाशा तोच असेल.

काळाच्या प्रश्नासाठी साधा मार्ग आहे. प्रत्येक पिक्सेलचा हंगामी हिरवेपणा आणि त्या वर्षीचा पाऊस यांचं समीकरण मांडा, पावसानं समजावलेला भाग काढून टाका आणि उरलेल्या भागाचा कल बघा. चिर्प्स या उपग्रह आणि पर्जन्यमापक मिळून केलेल्या संचातले पावसाचे आकडे सुमारे साडेपाच किलोमीटरच्या चौकोनांत मिळतात, तेवढे पुरतात. उरलेला भाग सतत घसरत असेल तर त्या जमिनीचं काहीतरी बिनसलंय.

माळावर मात्र घसरणीइतकीच वाढही तपासा. एप्रिलमध्ये माळ पिवळाच दिसला पाहिजे. पाऊस वजा करूनही एप्रिलचा हिरवेपणा वर्षानुवर्षं चढत असेल तर गवताच्या जागी वेडी बाभूळ किंवा गिरिपुष्प शिरलंय असं आधी धरा आणि जाऊन बघा. निर्देशांकाच्या भाषेत ती सुधारणा, माळढोक-काळविटाच्या दृष्टीनं घर गेलं. माळरानासाठी मी ही एकच खूण सर्वांत भरवशाची मानतो.

शेवटी पायपीट. नान्नज, सांगोल्याच्या डाळिंबबागा, मंगळवेढ्याची काळी रानं आणि माढ्याचा ऊस, प्रत्येक ठिकाणी दहा-बारा जागा जानेवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा बघा, जीपीएसच्या नोंदीसह. माळावर मेंढरं चारणारे धनगर भेटतील. गवत कधी कापलं, वणवा कधी लागला हे त्यांना दिवसासकट आठवतं. ती तारीख वहीत लिहून घ्या, परतल्यावर त्याच आठवड्याची प्रतिमा उघडा आणि जळलेला काळा डाग शोधा.